छातीवरच्या उभ्या सुरकुत्या जातात आणि परत येतात, असं होत असेल तर आधी हे तपासून बघा

हा विषय बायका एकमेकींशी पण पटकन बोलत नाहीत, म्हणून मी जरा सविस्तरच लिहिते. गळ्याच्या खाली, दोन स्तनांच्या मधल्या भागात उभ्या रेघा पडतात, सकाळी उठल्यावर जास्त दिसतात, आंघोळ, डबे, पूजा उरकून बाहेर पडेपर्यंत थोड्या कमी होतात, आणि मग काही वर्षांनी अशी वेळ येते की त्या दिवसभर तशाच राहतात. माझं वय आता ४७. मला त्या पहिल्यांदा दिसल्या ४३ व्या वर्षी, भाचीच्या लग्नाच्या फोटोत. ब्लाउजचा गळा नेहमीपेक्षा थोडा मोठा शिवला होता आणि फोटोत चेहरा ठीक, मेकअप ठीक, पण गळ्याखालची स्किन मुठीत धरून सोडलेल्या कापडासारखी. मला खरंच खूप वाईट वाटलं होतं, ते लपवत नाही.

त्यानंतर जे सगळ्याजणी करतात तेच मी केलं. क्रीम आणलं, महिनाभर नेमाने लावलं, बरं वाटलं, मग परत होतं तसंच. दुसरं क्रीम. परत तेच. असं चार वेळा झालं आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं की क्रीमच चांगलं नव्हतं, पुढचं महागातलं घेऊ. ते का होत होतं हे मला क्रीममुळे कळलंच नाही, ते कळलं खांद्यामुळे.

दोन वर्षांपूर्वी माझा उजवा खांदा जखडला, फ्रोझन शोल्डर. ज्यांना झालंय त्यांना माहितीय की रात्री त्या कुशीवर वळायचं म्हटलं तरी डोळ्यात पाणी येतं. मी लहानपणापासून उजव्या कुशीवर झोपणारी, पण त्या चार महिन्यांत मला सरळ पाठीवर झोपावं लागलं, दोन्ही बाजूंना उशा लावून. त्या काळात क्रीम वगैरे सगळं सुटलं होतं कारण हात वर जात नव्हता, केस विंचरायची पण पंचाईत. आणि एक दिवस आरशात बघते तर छातीवरच्या रेघा चक्क कमी. काहीही न लावता. मग फिजिओथेरपीने खांदा मोकळा झाला, मी परत उजव्या कुशीवर आले, आणि दीड महिन्यात रेघा हजर. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की मी दोन वर्षं औषध एका गोष्टीवर करतेय आणि दुखणं दुसरीकडेच आहे.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, क्रीम विकत घ्यायच्या आधी सुरकुत्या कशामुळे आहेत ते ओळखा, कारण कारणं वेगवेगळी आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

ओळखायचं कसं

सात दिवस मोबाईलवर फोटो काढा. जागा एकच, खिडकीसमोर, बल्ब बंद, कारण वरून पडणाऱ्या लाईटमध्ये सुरकुत्या उगीच खोल दिसतात आणि मन खचतं. एक फोटो उठल्या उठल्या, एक दुपारी एकच्या सुमाराला, एक रात्री झोपायच्या आधी. सकाळी ठळक आणि दुपारपर्यंत जवळजवळ गायब, तर ती झोपेतली घडी आहे. पूर्वी अर्ध्या तासात जात असेल आणि आता बारा वाजेपर्यंत राहत असेल तर समजा की घडी हळूहळू पक्की व्हायला लागलीय, आत्ताच हातपाय हलवा.

दिवसभर सारख्याच दिसतात, पण आंघोळीनंतर साधं मॉइश्चरायझर लावून दहा मिनिटांनी बघितलं तर निम्म्या दिसतात, तर कोरडेपणाचा भाग मोठा आहे. हे आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी फार होतं. निफाडचा पारा खाली गेला की नाशिकमध्ये पण हवा अशी कोरडी होते की ओठांबरोबर छाती पण फुटते.

आणि तिसरं, रेघा उभ्या आडव्या कशाही, बारीक बारीक, क्रेप कागदासारख्या, सोबत तपकिरी ठिपके किंवा लालसर-काळपट झाक, आणि ब्लाउजच्या किंवा कुर्त्याच्या गळ्याचा आकार स्किनवर छापल्यासारखा दिसतो, तर ते ऊन. याची एक सोपी परीक्षा आहे. ब्लाउजच्या आत, जिथे कधीच ऊन लागत नाही, तिथली स्किन बघा आणि दोन बोटं वर उघड्या भागातली बघा. दोन्हीचं वय सारखंच आहे. तरी आतली मऊ आणि एकसारखी, वरची खरखरीत आणि डागाळलेली असेल तर जो फरक दिसतोय तो वयाचा नाही, उन्हाचा आहे.

अजून एक, पाठीवर सरळ झोपून मोबाईल वर धरून फोटो काढा. झोपल्यावर रेघ नाहीशी होत असेल तर ती वजनाने आणि घडीने पडतेय. झोपल्यावरही जिथल्या तिथे असेल तर स्किनच्या आतलं कोलॅजेन, म्हणजे स्किनला ताण देणारं प्रथिन, कमी झालंय, तिला वेळ लागेल.

माझ्या बाबतीत दोन कारणं निघाली, झोप आणि ऊन. बहुतेक जणींच्या बाबतीत ही दोनच मोठी असतात, बाकीची त्यांना हातभार लावतात.

झोपेचं आधी

कुशीवर झोपलं की वरच्या बाजूचा स्तन खाली ओढला जाऊन मधल्या रेषेच्या पलीकडे झुकतो आणि मधली स्किन दुमडते. ज्यांचा आकार मोठा आहे त्यांना जास्त. रोज सहा तास धरले तर वर्षाचे २,१९० तास ती घडी तशीच दाबलेली असते. इस्त्री केल्यासारखं. तरुणपणी स्किनमध्ये ताण असतो म्हणून ती उठल्यावर परत सपाट होते, पण कोलॅजेन विशीनंतर दरवर्षी साधारण १ टक्का कमी होत जातं आणि मग घडी मोडायची ताकद राहत नाही. चेहऱ्यापेक्षा इथली स्किन पातळ, तेलग्रंथी पण कमी, म्हणून ती लवकर कोरडी पडते आणि काही दुखापत झाली तर भरायला वेळ घेते. हे लक्षात ठेवा, खाली पार्लरच्या गोष्टीत परत येणार आहे.

पाठीवर झोपणं हा सगळ्यात खरा उपाय, पण सवय लागायला वेळ लागतो, मला साधारण पाच आठवडे लागले. युक्ती अशी की गुडघ्याखाली एक उशी ठेवा म्हणजे कंबर दुखत नाही, आणि दोन्ही बाजूंना लोड किंवा गुंडाळलेली चादर घट्ट लावा म्हणजे झोपेत वळायला गेलं की आडवं येतं. डोक्याखालची उशी पातळ ठेवा, जाड उशीने हनुवटी छातीला टेकते आणि मग मानेवर आडव्या रेघा सुरू होतात, एक गेलं आणि दुसरं आलं असं नको.

पण सगळ्यांनी पाठीवर झोपायचं नाही, हे स्पष्ट लिहिते. गरोदरपणात २८ आठवड्यांनंतर कुशीवरच झोपायचं, तिथे सुरकुत्यांचा विचार सोडून द्या. ज्यांना जोरात घोरायची किंवा झोपेत श्वास अडकायची तक्रार आहे त्यांचं पाठीवर झोपून वाढतं. ज्यांना रात्री ॲसिडिटी घशाशी येते त्यांना डावी कूसच बरी पडते. अशांनी कुशीवरच झोपा पण छातीसमोर एक मोठी उशी कवटाळून झोपा, वरचा हात त्या उशीवर पूर्ण टेकला पाहिजे, म्हणजे खांदा पुढे पडत नाही आणि छाती दुमडत नाही. आणि मधे कापडाचा रोल. मी जुन्या मलमलच्या ओढणीचा तुकडा धुऊन मऊ झालेला, वीतभर लांब आणि दोन बोटं जाड गुंडाळून, सैल कॉटनच्या ब्राच्या आत मधोमध ठेवते. शून्य खर्च. झोपायची वेगळी ब्रा पण मिळते, मधे पट्टी असलेली, ती घ्यायची तर सैल घ्या, रात्रभर काचणारी नको. आणि दिवसा दोन्ही बाजू जवळ ओढून घट्ट बांधणाऱ्या पुश-अप ब्रा किंवा आवळणाऱ्या स्पोर्ट्स ब्रा तासन्‌तास घालत असाल तर तीच घडी दिवसा पण चालू राहते.

सिलिकॉनचे पॅड मी वापरलेत. पारदर्शक, टी आकाराचे किंवा त्रिकोणी, छातीवर चिकटवून झोपायचं. ते स्किन सपाट धरून ठेवतात आणि आतला ओलावा उडू देत नाहीत, त्यामुळे सकाळी स्किन भरलेली दिसते, हे खरं आहे. पण तो परिणाम काही तासांचा किंवा एखाद दिवसाचा असतो, पॅड बंद की परत. म्हणजे पॅड घडी पडू देत नाही, आधी पडलेली जुनी घडी पुसत नाही. लावायचे तर स्किन स्वच्छ आणि कोरडी पाहिजे, खाली तेल क्रीम काही नको नाहीतर चिकटतच नाही, सकाळी सौम्य साबणाने धुऊन हवेवर वाळवून परत त्याच्या प्लास्टिकवर लावून ठेवायचे. पहिल्या रात्री चार तासच लावून बघा, लाल झालं किंवा खाज आली तर थांबा.

ऊन, आणि आपल्या स्कार्फची चूक

आता हा भाग नाशिककर बायकांनी नीट वाचा. माझी दुपारची शाळा, साडेअकराला इंदिरानगरहून निघून स्कूटीवर सातपूरला, वीस वर्षं. आपण सगळ्या काय करतो, स्कार्फ डोक्यावरून घेऊन नाकावरून फिरवून मागे गाठ, डोळ्याला गॉगल, हातात लांब हातमोजे. मुंबई नाक्याला सिग्नलला उभं राहून बघा, वीसपैकी अठरा जणी अशाच. चेहरा पूर्ण झाकलेला, हात झाकलेले, आणि स्कार्फची दोन्ही टोकं मागे बांधल्यामुळे गळ्याखालचा तो त्रिकोण पूर्ण उघडा. स्कूटीवर आपण थोडं मागे रेलून बसतो, त्यामुळे ऊन तिथे सरळ पडतं. मी चेहऱ्याला सनस्क्रीन लावून वर स्कार्फ बांधत होते आणि जिथे खरी गरज होती तिथे दोन्ही नाही. वीस वर्षं!

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, घरची द्राक्षबाग. छाटणीला, विरळणीला ज्या बायका येतात त्यांचा पोशाख तुम्ही पाहिला असेल, साडीवर नवऱ्याचा नाहीतर मुलाचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, आणि बटणं वरपर्यंत. मी मागच्या वर्षी बागेत गेले तर वहिनी मला म्हणाली, “ताई, वरचं बटण लावा, तिथंच पोळतं.” त्यातल्या एक मावशी साठीच्या पुढच्या आहेत, चेहरा उन्हाने रापलेला पण गळ्याखालची स्किन माझ्यापेक्षा चांगली. आयुष्यात सनस्क्रीन लावलेलं नाही, फक्त शर्ट. मला तो शर्ट बघून जे समजलं ते कुठल्याही जाहिरातीतून समजलं नसतं, की कापड हेच पहिलं, क्रीम त्यानंतर.

तर स्कार्फ बांधताना एक टोक पुढे सोडा आणि ते गळ्याखाली पसरून कुर्त्यात खोचा, किंवा समोर चेन असलेला कॉटनचा सनकोट घाला, चेन गळ्यापर्यंत लावायची. कापड विणीला घट्ट आणि गडद रंगाचं असेल तर जास्त अडवतं, विरळ पांढरी ओढणी फार कमी अडवते.

यूव्ही इंडेक्स, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा जोर सांगणारा आकडा, मोबाईलच्या हवामान ॲपमध्ये दिसतो, तो बघायची सवय लावा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ३ आणि त्याच्या वर गेला की संरक्षण घ्यायचं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी तो ११ च्या आसपास असतो, आणि थंडीत पण दुपारी ३ च्या कितीतरी वर असतो, हवा गार लागते म्हणून ऊन कमी आहे असं नसतं. सुरकुत्या पाडणारा जो यूव्हीए भाग आहे तो ढगातून येतो, खिडकीच्या काचेतून येतो. कारच्या पुढच्या काचेतून बराच अडतो पण बाजूच्या साध्या काचेतून येतो, म्हणून रोज बसने किंवा कारने खिडकीशी बसून नाशिक रोड, ओझर, सिन्नर करणाऱ्यांना पण हे लागू.

सनस्क्रीन घेताना एसपीएफ ३० किंवा ५० पुरतं, ३० वाला साधारण ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे स्किन भाजणारा भाग, अडवतो आणि ५० वाला ९८, त्यापुढच्या आकड्यासाठी जास्त पैसे घालू नका. बघायचं ते ब्रॉड स्पेक्ट्रम आणि पीए च्या पुढची अधिक चिन्हं, तीन किंवा चार असावीत, तो यूव्हीएचा भाग. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं, आणि छातीच्या उघड्या भागाला अजून एक पूर्ण बोट, ही मापं कमी केली तर पाटीवरचा एसपीएफ मिळत नाही. बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत, घाम आला तर आधी.

एक त्रास कुणी सांगत नाही तो मी सांगते. छातीला सनस्क्रीन लावलं की ब्लाउजच्या गळ्याला पिवळे-नारिंगी डाग पडतात आणि धुतल्यावर अजून गडद होतात, विशेषतः बोअरचं पाणी असेल तर. एवोबेन्झोन नावाचा घटक पाण्यातल्या लोहाबरोबर गंजासारखा रंग धरतो. माझे दोन पांढरे ब्लाउज गेले त्यात, आणि डागांच्या भीतीनेच मी मधे सनस्क्रीन सोडलं होतं, म्हणजे परत येण्याचं अजून एक कारण. उपाय, झिंक ऑक्साईडचं सनस्क्रीन घ्या, लावून दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या मग ब्लाउज घाला. डाग पडलाच तर ब्लीच लावू नका, ब्लीचने तो पक्का होतो, लिंबाचा रस किंवा सायट्रिक ॲसिड कापडाला लावून मग धुवा. लिंबू कापडाला, अंगाला नाही.

अंगाला का नाही ते पण लिहिते, कारण लिंबू-साखर चोळायचा उपाय घरोघरी आहे. लिंबाचा रस स्किनवर राहून ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि मग महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. बेकिंग सोडा, टूथपेस्ट हे पण नको. बेसन-हळदीचं उटणं दिवाळीला लावा, पण घासून घासून सुरकुती जात नाही, पातळ स्किन फक्त चिडते. परफ्यूम आणि अत्तर थेट गळ्याखाली मारून उन्हात जाऊ नका, त्यातल्या काही सुगंधी द्रव्यांनी उन्हात काळपट पट्टे पडतात, ते कपड्यावर मारा.

रात्री लावायचं काय

झोप आणि ऊन या दोन्हीला लगाम घातला की मग क्रीमला काहीतरी काम करता येतं. साबण सौम्य घ्या, अंगाला लावायचा कडक साबण छातीवर रोज चोळायची गरज नाही. आंघोळीनंतर तीन मिनिटांत, अंग ओलसर असताना ग्लिसरीन किंवा सेरामाईड असलेलं साधं मॉइश्चरायझर लावा. थंडीत वरून खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, यात लाजण्यासारखं काही नाही, ओलावा धरून ठेवायला ते उत्तम आहे.

सुरकुतीवर खरोखर काम केल्याचा भरपूर पुरावा आहे तो रेटिनॉईड, म्हणजे व्हिटॅमिन ए पासूनच्या औषधांच्या गटाचा. रेटिनॉल कमी टक्क्याचं, ०.१ ते ०.३, आठवड्यातून दोन रात्री, वाटाण्याएवढं, आधी मॉइश्चरायझर मग रेटिनॉल मग परत मॉइश्चरायझर. चेहऱ्याला रोज चालतं म्हणून छातीला रोज चालेल असं नाही, मी तीच चूक केली आणि आठवडाभर आग आग झाली. ट्रेटिनॉईन, म्हणजे याच गटातलं जास्त ताकदीचं औषध, डॉक्टरने लिहून दिलं तरच. गरोदर असाल, बाळाचा विचार चालू असेल किंवा अंगावर पाजत असाल तर रेटिनॉईड अजिबात नको. आणि ज्या रात्री हे लावाल त्या रात्री सिलिकॉन पॅड लावायचा नाही, झाकलं की त्याचा दाह वाढतो. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात, महिन्याभरात जो फरक दिसतो तो ओलाव्याचा असतो. मी चारही वेळा नेमकं ओलाव्याला गुण समजले आणि बाटली संपली की तो गेला.

कोरडी खरखरीत असेल तर रेटिनॉलच्या ऐवजी ५ ते १० टक्के लॅक्टिक ॲसिडचं लोशन एक दिवसाआड बरं पडतं, दोन्ही एका रात्री नको. सकाळी व्हिटॅमिन सी झेपलं तर लावा, चुरचुरलं तर सोडून द्या. कोलॅजेन पावडर पिण्याबद्दल सगळ्या विचारतात, त्याचे अभ्यास छोटे आहेत आणि बरेचसे विकणाऱ्या कंपन्यांच्याच पैशाने झालेत, मी तेच पैसे सनस्क्रीनला वापरते.

एका गोष्टीबद्दल मला फार काळजी वाटते. मेडिकलमधून “डाग जातात, स्किन उजळते” म्हणून जी ट्यूब बायका आणतात त्यात बऱ्याचदा स्टेरॉईड असतं. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन असं काही लिहिलं असेल तर ती सुरकुत्यांसाठी नाही. २०१८ पासून अशी बरीच क्रीम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे, तरी मिळतात. पहिले पंधरा दिवस स्किन गोरी गुळगुळीत दिसते, आणि पुढे तीच स्किन कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, म्हणजे ज्या सुरकुतीसाठी आणलं ती दुप्पट. आधीच बरेच दिवस लावत असाल तर एकदम बंद न करता डॉक्टरला विचारून बंद करा.

पार्लरचं पण सांगते. मी एका पार्लरमध्ये चेहऱ्याचं पील, म्हणजे ॲसिड लावून स्किनचा वरचा थर काढणं, करायला गेले होते, ती म्हणाली उरलेलं गळ्यालाही लावून देते, मी हो म्हटलं. चेहरा दोन दिवसांत ठीक, गळ्याखाली मात्र खपली धरली आणि डाग जायला सात महिने लागले. वर लिहिलं ना, इथे ग्रंथी कमी, भरून यायला वेळ. चेहऱ्याचं पील छातीला त्याच ताकदीने लावायचं नसतं. कुणी लावायला आलं तर स्पष्ट नाही म्हणा.

मंगळसूत्र, पाळी आणि वजन

खोटं मंगळसूत्र किंवा चेन घालत असाल आणि बरोबर तिच्या रेषेत खाज, काळपटपणा, जाडसर स्किन असेल तर ती सुरकुती नाही, निकेलची ॲलर्जी असू शकते. पंधरा दिवस ते काढून किंवा कपड्याच्या वरून घालून बघा, लगेच कळतं. घाम आणि टाल्कम पावडर साचून रेघेत पांढरी ओळ दिसते ती पण अनेकींना सुरकुती वाटते.

पाळी जायच्या आसपास, आपल्याकडे साधारण ४६-४७ व्या वर्षी, इस्ट्रोजेन कमी होतं आणि पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत स्किनमधलं कोलॅजेन जवळपास ३० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतं. म्हणून तेव्हा एकदम “अचानक म्हातारी झाले” असं वाटतं, मला वाटलं. यात तुमची काही चूक नाही. फक्त या वर्षांत ऊन आणि झोप दोन्ही जास्त सांभाळा. भराभर वजन कमी केलं तरी इथली स्किन सैल पडते, हळू करा. सिगारेट ओढत असाल तर कुठलंही क्रीम त्याची भरपाई करू शकत नाही.

इथे थांबा आणि डॉक्टरकडे जा

हे मी जाड अक्षरात लिहायला सांगितलं असतं तरी कमीच. सुरकुती मधोमध न येता एकाच स्तनावर आली, स्किन आत ओढल्यासारखी खळी पडली, हात वर केल्यावर एखादी जागा खेचल्यासारखी दिसली, संत्र्याच्या सालीसारखी छिद्रं आणि सूज दिसली, निप्पल नव्याने आत गेलं किंवा त्यातून पाणी-रक्त आलं, काखेत किंवा स्तनात गाठ लागली, तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात सर्जन किंवा स्त्रीरोग डॉक्टरला दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका, अशा गाठी बऱ्याचदा दुखत नाहीत. फोटोचे सात दिवस काढताना हात वर करून पण एक फोटो काढा, मी म्हणूनच ती सवय ठेवलीय. तसंच छातीवरचा तीळ आकार-रंग बदलत असेल, रक्त येत असेल तर स्किनच्या डॉक्टरला दाखवा.

क्लिनिकमधले उपाय

जुन्या, झोपल्यावरही न जाणाऱ्या रेघांना घरचे उपाय थोडेच पुरतात. मायक्रोनीडलिंग म्हणजे बारीक सुयांनी स्किन टोचणं, फ्रॅक्शनल लेझर म्हणजे बारीक ठिपक्या-ठिपक्यांनी मारलेलं लेझर, कोलॅजेन वाढवणारी पॉली-एल-लॅक्टिक ॲसिडसारखी इंजेक्शनं, अल्ट्रासाऊंडने स्किन घट्ट करणं, हे सगळं होतं. त्यातल्या एका प्रकारच्या अल्ट्रासाऊंडला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१४ मध्ये छातीवरच्या रेघांसाठी मान्यता दिली होती. पण आपल्या गव्हाळ-सावळ्या स्किनवर लेझर जोरात मारलं तर नंतर काळे डाग पडायचा धोका जास्त, म्हणून बोर्डावर त्वचारोगातली एमडी किंवा तशी पदवी बघूनच जा, “याआधी आमच्यासारख्या स्किनवर छातीला केलंय का” असं थेट विचारा, छोट्या जागेवर आधी करून बघायला सांगा. लग्नाच्या तोंडावर किंवा भर उन्हाळ्यात करू नका. मी तीन वेळा मायक्रोनीडलिंग केलं, प्रत्येकी सहा आठवड्यांच्या अंतराने, फरक पडला, पण मधे सुट्टीत गावाला जाऊन पंधरा दिवस कुशीवर झोपले तेव्हा सकाळच्या रेघा परत दिसायला लागल्याच होत्या.

सध्या माझं असं चाललंय की चार ठळक रेघांपैकी दोन दिसत नाहीत, तिसरी सकाळी दहापर्यंत जाते, आणि चौथी, डावीकडची, राहते, ती राहील असं डॉक्टरांनी सांगितलंय. नोव्हेंबर ते मार्च आठवड्यातून चार रात्री पॅड, दोन रात्री रेटिनॉल. एप्रिल ते जून पॅडखाली घामोळं येतं म्हणून ते बंद, फक्त मलमलचा रोल आणि दोन्ही बाजूंना लोड. पावसाळ्यात ढग असले तरी सनकोटची चेन वरपर्यंत. फोटो दर महिन्याच्या १ तारखेला, त्याच खिडकीसमोर.